निमंत्रणाच्या यादीत गुरूचं नाव नव्हतं, म्हणून त्यांनी गवयाच्या पेशाचीच किंमत वाढवली

नाशिकला गेलेला माणूस पंचवटीत जातोच. रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा हे सगळं बघून होतं. पण साधारण शंभर वर्षांपूर्वी याच पंचवटीत रामनाम आधार आश्रम नावाची एक जागा होती, हे फार कमी जणांना माहीत असतं. पन्नाशी ओलांडलेला, डोळ्यांनी अधू असलेला एक गवई तिथे शिष्यांना घेऊन तुलसीदासांचं रामायण गायचा.

या गवयाचं नाव तेव्हा लाहोरपासून मुंबईपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण मुंबईत त्याने उभी केलेली स्वतःची इमारत कर्जापायी लिलावात निघाली होती.

त्याचं नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

नाव एवढं मोठं आणि खिसा रिकामा, असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

फटाक्याने डोळे गेले, गाणं हाती आलं

पलुस्करांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, कुरुंदवाडचा. मूळ आडनाव गाडगीळ, पण घराणं पलूस गावचं म्हणून पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि विष्णूच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. पुढचं शिक्षण अवघड झालं. मग करायचं काय, तर गाणं.

मिरजेत त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचं मोठं श्रेय त्यांना जातं. मिरजेच्या संस्थानिकांनी विष्णूची सोय लावून दिली आणि बुवांकडे तालीम सुरू झाली. बुवांच्या हाताखाली पलुस्करांनी कित्येक वर्षं घासून रियाझ केला.

इथेच ती गोष्ट घडली. पलुस्करांचे चरित्रकार ती आवर्जून सांगतात.

मिरजेत एका समारंभाला गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं होतं. राजाच्या मर्जीतला मुलगा म्हणून विष्णूलाही निमंत्रण आलं. पण गुरूंना नव्हतं. विष्णूने चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, की ते काय, गवईच तर आहेत.

ज्या माणसाकडे शिकायला लोक लांबून येत, त्याला गावात प्रतिष्ठित माणूस म्हणून जागा नव्हती. बुवांच्या गाण्यात काही कमी नव्हतं. कमीपणा त्यांच्या पेशाला चिकटला होता.

गवयाला किंमत का नव्हती?

त्या काळी गवयाचं पोट दरबारावर चालायचं. राजा खूश असेल तर शालजोडी, नाराज झाला तर उपास. आपल्या कामाचा दर गवई स्वतः ठरवू शकत नव्हता. दरबारात त्याची गणती आश्रितांत व्हायची.

त्यात गाणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोठी आणि व्यसनं यायची. पांढरपेशा घरात मुलाने गाणं शिकायचं म्हटलं तर वडील कपाळाला हात लावत, आणि मुलीने तर नावच काढायचं नाही.

दुसरी अडचण विद्येची होती. ती गुरूच्या गळ्यात आणि घराण्याच्या कुलपात बंद असे. कुणी किती वर्षं काय शिकलं, याला पुरावा नव्हता. त्यामुळे गाणं हा शिकून करायचा पेशा आहे, हेच लोकांना पटत नव्हतं.

1896 मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. हातात तंबोरा आणि सोबत गुरुबंधू.

तिकीट लावून गाणं

सातारा, बडोदा करत ते सौराष्ट्रात पोहोचले. तिथे त्यांनी त्या काळात धाडसाचं वाटावं असं काम केलं. दरबाराऐवजी लोकांसमोर, थोड्या पैशांचं तिकीट लावून जलसा केला. शास्त्रीय गायकाने अशी जाहीर तिकिटाची मैफल करण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण मानलं जातं.

तिकिटाने काय बदललं? बिदागी ही देणाऱ्याची मर्जी असते. तिकिटाचा दर गायक आधी जाहीर करतो आणि पटलं तर श्रोता तो मोजतो. राजाच्या मेहरबानीच्या जागी श्रोत्याचं मोल आलं.

त्याबरोबर पलुस्करांनी स्वतःवरही शिस्त लावून घेतली. गाणं ठरल्या वेळी सुरू व्हायचं. पोशाख नीटनेटका, व्यसन नाही, आणि बैठकीत श्रोत्यांनीही गाण्याचा मान राखायचा. लोकांनी आपल्याला मान द्यावा असं वाटत असेल, तर आपणही मान देण्याजोगं वागायचं, हा त्यांचा साधा हिशोब होता.

लाहोरची शाळा

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ते एखाद्या राजाच्या खजिन्यावर चालणार नव्हतं. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतःच्या जलशांची कमाई यावर ते चालवायचं होतं.

इथे गाण्याला अभ्यासक्रम आला, इयत्ता आल्या, परीक्षा आल्या. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि बंदिशींची पुस्तकं छापली. घराण्यात लपवून ठेवलेलं गाणं छापील पानावर आलं. पुढे मुलींनाही इथे शिकता येऊ लागलं. गाणं शिकणं ही लाजेची गोष्ट नाही, हे घराघरांत पटायला यामुळे मदत झाली.

सगळ्यात महत्त्वाचा होता उपदेशक वर्ग. निवडक मुलांची राहण्या-जेवणाची सोय विद्यालय करायचं. बदल्यात मुलांनी करार करून काही वर्षं शिकायचं आणि मग शिकवायचं. म्हणजे पलुस्कर गायकांबरोबर संगीत शिक्षकही घडवत होते. शिकलेला प्रत्येक जण तानसेन होणार नाही, याची त्यांना जाणीव होती. पण जाणता श्रोता वाढला तर गवयाची किंमत आपोआप वाढेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग गणित कुठे चुकलं?

1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि तीच मुख्य केंद्र झाली. विद्यालयासाठी सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत बांधली, पण ती कर्ज काढून. कर्ज फेडायचं तर जलसे करत गावोगाव फिरायचं, आणि फिरायचं तर विद्यालयाकडे दुर्लक्ष. उपदेशक वर्गातल्या मुलांचा खर्च वेगळाच. शेवटी 1924 च्या सुमारास इमारत लिलावात गेली आणि मुंबईचं विद्यालय बंद पडलं.

त्यांच्यावर टीकाही झाली. शाळेत घंटेवर गाणं शिकवून कलाकार तयार होत नाहीत, असं अनेक जाणकारांचं म्हणणं होतं. संगीताला सभ्य बनवण्याच्या या धडपडीत, ज्या उस्तादांनी आणि कलावंतिणींनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं ते बाजूला पडले, असं आजचे काही अभ्यासकही म्हणतात. ही बाजू नजरेआड करून चालत नाही.

पलुस्कर पंचवटीत आले ते याच काळात. आता गाण्याला भक्तीचा रंग जास्त होता. पण गवयाच्या मानाचा प्रश्न आला की माणूस तोच होता. 1923 च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये त्यांनी वंदे मातरम् सुरू केलं तेव्हा खुद्द अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली. पलुस्कर थांबले नाहीत, गीत पूर्ण करूनच खाली बसले. गांधीजींच्या प्रार्थनेतून देशभर पोहोचलेल्या रामधुनीची चालही त्यांचीच मानली जाते.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. ज्या गावाने त्यांच्या गुरूला यादीत धरलं नव्हतं, तेच हे गाव.

मागे काय उरलं?

मागे माणसं उरली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्यांचे शिष्य. ओंकारनाथ पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुख झाले. विनायकरावांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. देवधरांच्या शाळेत कुमार गंधर्व घडले. मुलगा दत्तात्रेय वडील गेले तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. तो शिष्यांकडे शिकला आणि डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला.

1931 मध्येच शिष्यांनी मिळून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. विशारद, अलंकार या त्याच मंडळाच्या परीक्षा.

आज महाराष्ट्रात दहावीच्या निकालात शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी पालक स्वतः मुलांना गाण्याच्या क्लासला सोडायला जातात, आणि क्लास घेणाऱ्या गवयाला सर किंवा मॅडम म्हणतात.