पेटीला स्वरांची मर्यादा, तरी गोविंदराव टेंबे गाजले कसे?

पियानोप्रमाणेच पेटीचं सप्तकही १२ समान भागांत बांधलेलं असतं. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. मींड तर निघतच नाही. रागदारीला ही खोट खुपते.

याच पेटीवर कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी मैफली गाजवल्या. रीतसर तालीम नसताना भास्करबुवा बखले यांची गायकी ऐकून त्यांनी ती बोटांत उतरवली. १९११ मध्ये ‘संगीत मानापमान’ला चाली दिल्या, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ला संगीत.

१९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली. १९७१ मध्ये ती सैल झाली, तेव्हा टेंबे हयात नव्हते. खोट खरीच होती. पण कान तयार असेल तर तीही झाकता येते, हे त्यांनी आधीच दाखवलं होतं.