पित्याचा कायदा, पुत्राचा आदेश

रस्ते झाडणारा, उद्यानांची निगा राखणारा, सार्वजनिक रुग्णालयात राबणारा कर्मचारी हा शासनाचा सेवक की कामगार, या प्रश्नाने अमेरिकेतील शहरांना विसाव्या शतकात दीर्घकाळ सतावले. सेवक मानला तर त्याने मिळेल ते वेतन निमूटपणे घ्यावे. कामगार मानला तर त्याच्या संघटनेशी समोरासमोर बसून वाटाघाटी करणे प्रशासनाला भाग पडते. न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाचा निकाल कामगारांच्या बाजूने लावला तो महापौर रॉबर्ट एफ. वॅग्नर (धाकटे) यांनी. विशेष म्हणजे, त्यांच्याच वडिलांच्या हातून राहून गेलेले हे काम होते.

वॅग्नर यांचा जन्म २० एप्रिल १९१० रोजी न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन येथे झाला. वडील रॉबर्ट वॅग्नर लहानपणी जर्मनीतून अमेरिकेत आलेले, पुढे वकील आणि सिनेटर झालेले. आई १९१९ मध्ये निवर्तल्याने एकुलता एक मुलगा वडिलांच्या सावलीत आणि राजकारणाच्या वातावरणातच वाढला. १९३५ मध्ये सिनेटर वॅग्नर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय कामगार संबंध कायदा संमत झाला. संघटना स्थापण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क खासगी उद्योगांतील कामगारांना त्याने मिळवून दिला. ‘वॅग्नर कायदा’ याच नावाने तो ओळखला जातो. मात्र ‘मालक’ या संज्ञेतून केंद्र सरकार, राज्य सरकारे आणि त्यांच्या अखत्यारीतील स्थानिक संस्था यांना कायद्याने वगळले होते. परिणामी, शहराच्या सेवेतील लाखो माणसे त्या संरक्षणाबाहेर राहिली.

या वगळण्यामागे जुनी भीती होती. १९१९ मध्ये बोस्टनच्या पोलिसांनी संप केला, शहरात लुटालूट झाली आणि संपकऱ्यांना कायमचे घरी बसावे लागले. सरकारविरुद्ध संघटना म्हणजे जनतेविरुद्ध बंड, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले. कामगारांचे कैवारी मानले जाणारे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनाही सरकारी सेवेत सामूहिक वाटाघाटी मान्य नव्हत्या. न्यूयॉर्क राज्याने तर १९४७ मध्ये कॉन्डन-वॉडलिन कायदा करून संपकरी सरकारी कर्मचाऱ्याला थेट बडतर्फीची तरतूद केली.

धाकटे वॅग्नर येल विद्यापीठातून कायद्याचे पदवीधर झाले. राज्य विधिमंडळाचे सदस्यत्व, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलातील सेवा, मग शहराच्या कर व गृहनिर्माण खात्यांची जबाबदारी आणि मॅनहॅटन विभागाचे अध्यक्षपद, अशा पायऱ्या चढत ते नोव्हेंबर १९५३ मध्ये महापौरपदी निवडून आले. वडिलांचे त्याच वर्षी मे महिन्यात निधन झाले होते. मुंबईच्या महापौराचे पद प्रामुख्याने मानाचे असते आणि कारभार आयुक्तांच्या हाती असतो. न्यूयॉर्कचा महापौर मात्र शहराचा प्रत्यक्ष कारभारी असतो. त्यामुळे वॅग्नर यांच्या स्वाक्षरीला वजन होते.

१९५४ मध्येच त्यांनी एका अंतरिम आदेशाद्वारे पालिका कर्मचाऱ्यांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला. पुढील अभ्यासाची धुरा आयडा क्लाउस या विदुषीकडे आली. वडिलांच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या मंडळात त्यांनी वरिष्ठ विधी अधिकारी म्हणून काम केले होते. दुसरीकडे, ‘डिस्ट्रिक्ट कौन्सिल ३७’ या संघटनेचे आक्रमक नेते जेरी वर्फ महापौरांना स्वस्थ बसू देत नव्हते. अखेर ३१ मार्च १९५८ रोजी आदेश क्रमांक ४९ निघाला. ज्या संघटनेच्या पाठीशी एखाद्या गटातील बहुसंख्य कर्मचारी असतील, तिला त्या गटाची प्रतिनिधी म्हणून मान्यता द्यायची आणि तिच्याशी वाटाघाटी करायच्या, हे त्याचे सार. लोकांनी या आदेशाला ‘छोटा वॅग्नर कायदा’ म्हणायला सुरुवात केली.

आदेश महापौरांच्या अखत्यारीतील खात्यांपुरता होता. पोलिसांना आरंभी वगळण्यात आले आणि शाळांचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे होता. तरीही वारे फिरले. नोव्हेंबर १९६० मध्ये शिक्षकांनी एक दिवसाचा संप केला आणि डिसेंबर १९६१ मध्ये त्यांच्या संघटनेने प्रतिनिधित्वाची निवडणूक जिंकली. विस्कॉन्सिन राज्याने १९५९ मध्ये पालिका कर्मचाऱ्यांसाठी असा कायदा केला, तर अध्यक्ष जॉन केनेडी यांनी जानेवारी १९६२ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांना मर्यादित स्वरूपात हा हक्क दिला.

वॅग्नर यांचा हेतू केवळ परोपकाराचा होता, असे म्हणता येणार नाही. डेमोक्रॅटिक पक्षातील ‘टॅमनी हॉल’ या प्रबळ गटाच्या ओझ्यातून सुटण्यासाठी त्यांना नवा आधार हवा होता. १९६१ मध्ये त्यांनी त्या गटाशी उघड फारकत घेतली, तेव्हा कामगार संघटना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि ते तिसऱ्यांदा महापौर झाले.

आदेशाच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. वाटाघाटींचा हक्क मिळाला, परंतु संपबंदी कायम होती आणि बोलणी फिसकटली तर निवाडा करणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. जानेवारी १९६५ मध्ये समाजकल्याण खात्यातील हजारो कर्मचारी संपावर गेले. कामाच्या बोजावर पालिका बोलायला तयार नाही, हे एक प्रमुख कारण. संप चार आठवडे चालला आणि नेते तुरुंगात गेले. कामगारांचा मित्र म्हणवणाऱ्या महापौरांवर ही नामुष्कीच होती. मात्र या संपातूनच वाद सोडवण्याच्या त्रिपक्षीय व्यवस्थेची कल्पना पुढे आली. वॅग्नर पायउतार झाल्यावर, १९६७ मध्ये, शहरात सामूहिक वाटाघाटींचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले आणि राज्यानेही ‘टेलर कायदा’ करून सरकारी कर्मचाऱ्यांचा वाटाघाटींचा हक्क मान्य केला. संपावरील बंदी मात्र उठली नाही.

टीकाकारांचा दुसरा आक्षेप पैशाचा. अखेरच्या वर्षी वॅग्नर यांनी दैनंदिन खर्चासाठी कर्ज काढण्याचा मार्ग पत्करला. हीच सवय पुढे बळावली आणि १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. त्याचे खापर संघटनांवर फोडले गेले. पण त्याच संकटात कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीतील पैसा शहराच्या कर्जरोख्यांत गुंतवून संघटनांनी शहराला सावरण्यास हातभार लावला, हेही विसरून चालणार नाही. ज्यांच्याशी बोलणी करायची, तेच अडचणीच्या वेळी भागीदार झाले.

वॅग्नर पुढे स्पेनमध्ये राजदूत आणि व्हॅटिकनमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांचे दूत होते. १२ फेब्रुवारी १९९१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या विस्कॉन्सिनने १९५९ मध्ये हा हक्क आधी दिला, त्याच राज्याने २०११ मध्ये त्याला मोठी कात्री लावली. न्यूयॉर्कमध्ये मात्र सफाई कामगारांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांचे करार वाटाघाटींच्या टेबलावरच ठरतात. ते टेबल मांडण्याचे श्रेय या मितभाषी महापौराकडे जाते.