सक्तीची शाळा काढणारा राजा : राजर्षी शाहू छत्रपती



जून महिना जवळ आला की तुमच्या घरात एक बोलणे हमखास निघते. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे? गल्लीतल्या नगरपालिकेच्या शाळेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, की कर्ज काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत? बापाचे म्हणणे एक असते, आईचे दुसरे असते, आणि शेजारी तिसरेच काही सांगून जातात. हे बोलणे तुमच्या पणजोबांच्या घरात झाले नाही. त्यांच्यापुढे शाळाच नव्हती. असली तर तिच्या ओट्याखाली, उन्हात, गोणपाट टाकून बसायची जागा होती. एवढे अंतर आपण ज्यांच्या खांद्यावर बसून पार केले त्यांतील एका माणसाचे चरित्र आज तुम्हांस सांगावयाचे आहे. हा माणूस राजा होता. राजे आपण पुष्कळ पाहिले, पण पोराला शाळेत पाठवले नाही म्हणून बापाला दंड करणारा राजा विरळाच.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी 1883च्या डिसेंबरात अहमदनगरला अत्यंत हलाखीत वारले. पुढे 17 मार्च 1884 रोजी राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. वय दहाचेसुद्धा पुरे नव्हते. राजपुत्र म्हटल्यावर शिक्षणाला काय कमी? प्रथम राजकोटचे राजकुमार कॉलेज, नंतर धारवाडला फ्रेजर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अभ्यास. इतिहास, इंग्रजी, राज्यकारभार, घोडदौड, देशभर प्रवास. हे मुद्दाम सांगतो, कारण महाराजांना शाळा नाकारली गेली नव्हती. ज्याला नाकारली जाते त्याची तळमळ आपण समजू शकतो. ज्याला सारे ताटात वाढून मिळाले त्याने उपाशी माणसाकडे वळून पाहावे, हे फार थोड्यांच्या हातून घडते.

2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. गादीवर बसल्यावर त्यांनी आपला कारभार कोण चालवतो हे पाहिले. दरबारच्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. कारकुनांच्या सुमारे 500 जागांपैकी ब्राह्मणेतर दहाच. ज्याच्या घामावर राज्य चालते त्या शेतकऱ्याचा, धनगराचा, महाराचा, मांगाचा मुलगा दप्तरात कोठेच नाही. का नाही, तर त्याला लिहितावाचता येत नाही. लिहितावाचता का येत नाही, तर शाळा नाही, आणि शाळा असली तरी शहरात राहायला छप्पर नाही, पोटाला भाकर नाही.

1899च्या सुमाराचे वेदोक्त प्रकरण तुम्ही ऐकले असेल. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी राजासाठी वेदोक्त मंत्र म्हणत नव्हता, पुराणोक्त म्हणत होता, कारण त्याच्या लेखी छत्रपतीसुद्धा शूद्र. राजालाच ही वागणूक, तर महारवाड्यातल्या माणसाची काय कथा, हे महाराजांच्या ध्यानी आले. पण खरे सांगायचे तर या प्रकरणाची चर्चा आपण गरजेपेक्षा जास्त करतो. मंत्र वेदोक्त म्हटले काय आणि पुराणोक्त म्हटले काय, महारवाड्यातल्या चुलीवर त्याने फरक पडत नव्हता. फरक पडला तो वसतिगृहांनी आणि शाळांनी.

वसतिगृहांची हकीगत आपण नीट समजून घेतली पाहिजे. 1896 साली महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. कागदावर ते सर्वांचे होते. प्रत्यक्षात काही काळातच ते बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थ्यांचे झाले. दार सर्वांना उघडे ठेवले की ज्याच्या पायात बळ आहे तोच आधी आत शिरतो, हे महाराजांनी पाहिले. मग 1901 साली मराठा वसतिगृह निघाले, जैनांचे निघाले, पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार अशी एकामागून एक निघत गेली. दरबाराने कुणाला जागा दिली, कुणाला इमारत, कुणाला वार्षिक मदत. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्यास देण्यात आले, म्हणून ते मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातून डोक्यावर बोचके घेऊन आलेल्या महार-मांग-चांभाराच्या पोराला कोल्हापुरात हक्काचे छप्पर मिळाले ते असे.

आता कोणी विचारील, जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जात पक्की केली नाही काय? प्रश्न रास्त आहे. याच वसतिगृहाच्या समारंभास जैन बोर्डिंगचा एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर विटाळ फेडण्यासाठी त्याने आंघोळ करावी असे त्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पाटील. म्हणजे राजाच्या मदतीवर उभ्या असलेल्या घरांतूनही विटाळ गेलेला नव्हता. मला स्वतःला वाटते, जातवार वसतिगृह ही त्या काळची शिडी होती आणि शिडी घरात कायमची उभी करून ठेवायची नसते. महाराजांचेही मत पुढे याच दिशेने गेले. ते शाळांच्या बाबतीत दिसून येते.

तोवर देशात काय चालले होते ते पाहा. 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन जोतीराव फुल्यांनी सांगितले होते की, सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. इंग्रज सरकारने ती मानली नाही. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली साऱ्या राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले, ते 1912 च्या मार्चमध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. विरोध करणारांत इंग्रज अधिकारी होते तसे आपलेच जमीनदार आणि मातबरही होते. शेतमजुराचा पोर शाळेत गेला तर गुरे कोण राखणार, ही त्यांची खरी चिंता.

बिल पडल्यावर पाच वर्षांनी, 1917 साली, शाहू महाराजांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. अस्पृश्यांच्या मुलांना फी माफ करण्याचा हुकूम त्यांनी 1911 सालीच काढला होता. आता फी सर्वांचीच गेली. आणि जो बाप मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. त्या काळी मजुराला एक रुपया मिळवायला अनेक दिवस राबावे लागत असे.

बंधूंनो, इथे थोडे थांबा. हा दंड तुम्हांला कसा वाटतो? गरिबाच्या खिशात हात घालणारा राजा दयाळू कसा? आमच्या वस्तीत एका म्हाताऱ्या उपासिकेशी मी या विषयावर बोलत होतो. ती म्हणाली की तिच्या सासऱ्याला असा दंड कोणी केला असता तर तिचा नवरा सही करायला शिकला असता. मला याहून वेगळे उत्तर सुचत नाही. मुलाला शाळेत घालायचे की गुरांमागे, ही निवड बापाच्या हाती सोडली तर गरीब बाप निवड करीत नाही. त्याची भूक निवड करते, सावकार करतो, पाटलाचा हुकूम करतो. सरकारने सक्ती केली म्हणजे बापाला पाटलापुढे सांगायला आधार मिळतो की, काय करू मालक, राजाचा कायदा आहे.

पण नुसत्या दंडाने पोरे शाळेत येत नाहीत हेही महाराजांना कळत होते. महाराचे पोर शाळेत यायचे तर महार वेठीतून सुटला पाहिजे. वतन आहे तोवर सारे घर गावाला बांधलेले. निरोप न्या, सरपण फोडा, मेलेले जनावर ओढा, आणि बाप गेला नाही तर मुलाने जायचे. म्हणून 1918 साली त्यांनी महार वतन रद्द केले आणि वतनाच्या जमिनी महारांच्या नावे रयताव्याने करून दिल्या. शाळेचा कायदा आणि वतनाचा हुकूम एकाच वर्षाच्या अंतराने आले. शाळेचा हुकूम एकटा आला असता तर तो कागदावरच राहिला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे वतनासाठी बाबासाहेबांना मुंबई कायदेमंडळात 1928 साली बिल आणावे लागले आणि केवढे झगडावे लागले, हे आठवा, म्हणजे 1918 च्या हुकुमाचे मोल कळेल.

1919 साली तर त्यांनी मोठेच पाऊल उचलले. तोवर कोल्हापूर राज्यात अस्पृश्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्या शाळा चांगल्या हेतूने निघाल्या होत्या. पण वेगळी शाळा म्हणजे वेगळा मास्तर, उरलीसुरली जागा, आणि मुलाच्या मनावर रोज सकाळी उमटणारा एक शिक्का. महाराजांनी हुकूम काढला की त्या वर्षीच्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद कराव्या आणि त्यांच्या मुलांना सर्वांच्या सरकारी शाळांत घ्यावे, शिवाशिव न पाळता बसवावे. ज्या खासगी शाळा दरबारची मदत घेतात त्यांनाही बजावले की अस्पृश्य मुलांना समतेने वागवाल तर मदत, नाही तर नाही. सरकारी नोकरांनाही ताकीद मिळाली. ज्याला अस्पृश्यांशी माणुसकीने वागणे जमत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि अशाला पेन्शन मिळणार नाही. पेन्शनीचे नाव काढल्यावर धर्मशास्त्र किती लोकांच्या आठवणीत राहिले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

वसतिगृह वेगळे, पण शाळा एक. राहण्याजेवण्याला आधार म्हणून वेगळे घर त्यांनी चालू ठेवले, आणि शिकण्याचा बाक मात्र सर्वांचा केला. सरकारने शिक्षणात काय करावे यावर आज मोठमोठी चर्चा होते. कोणी म्हणतो सरकारने शाळा चालवूच नयेत, पालकांना निवड द्यावी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर हे बंधन नाही. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. गरिबाचे मूल सरकारी शाळेत आणि पैसेवाल्याचे खासगीत, असे कुंपण घालायचे की नाही, हाच तो वाद होता. कोल्हापुरात दसऱ्याला जे कुंपण काढले गेले ते जातीचे होते, हे पैशाचे आहे. पण कुंपणाच्या कोणत्या बाजूला कोण उभा राहतो ते पाहिले तर माणसे फारशी बदललेली दिसणार नाहीत.

महाराज उक्तीबरोबर कृतीचे होते. वाड्यातील गंगाराम कांबळे या महार नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढायला मदत केली आणि तेथे जाऊन स्वतः चहा घेऊ लागले. 1918 साली त्यांचा धाकटा मुलगा शिकारीत अपघाताने गेला. घरात कोवळ्या वयाची विधवा सून, इंदुमतीदेवी. घराण्याची रीत तिला पडद्याआड बसवण्याची होती. महाराजांनी तिला सोनतळीच्या छावणीत ठेवून शिक्षक नेमले. प्रजेला सांगितलेली सक्ती त्यांनी आपल्या घरातही लागू केली.

1920 च्या आरंभी विलायतेतून शिकून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाने मुंबईत मूकनायक सुरू केले. महाराजांनी त्या पत्रास 2,500 रुपयांची मदत दिली. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी कागल जहागिरीतील माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. महाराज तेथे स्वतः आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेला मुलगा आणि राजकोटला शिकलेला छत्रपती त्या मांडवात शेजारी बसले होते.

त्यानंतर महाराज फार दिवस राहिले नाहीत. 6 मे 1922 रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. वय अवघे 47.

बोर्डिंगमधून काढलेल्या त्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 साली साताऱ्यास एक वसतिगृह काढले. त्यात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, साऱ्यांची मुले एका छपराखाली राहत, स्वयंपाकाला एकच चूल होती आणि जेवायला पंगतही एकच. त्या वसतिगृहाला 1927 साली नाव मिळाले ते छत्रपती शाहू बोर्डिंग.