जॉन थॉमसन : एका अल्पायुषी गोलरक्षकाची जीवनकथा

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात फुटबॉल हा केवळ खेळ नाही. कोण कोणत्या संघाचा चाहता आहे यावरून तो कोणत्या पंथाचा हे तिथे अनेक वर्षे ओळखले जात असे. सेल्टिक म्हणजे कॅथलिकांचा संघ आणि रेंजर्स म्हणजे प्रॉटेस्टंटांचा, अशी ती ढोबळ विभागणी होती. अशा त्या शहरात एक प्रॉटेस्टंट तरुण सेल्टिकच्या चाहत्यांच्या गळ्यातील ताईत झाला आणि त्याच्या मृत्यूने दोन्ही बाजूंच्या डोळ्यांत अश्रू आणले. त्या जॉन थॉमसनची जीवनकथा वाचकांसमोर ठेवावी असे आम्हांला वाटते.

प्रथम सेल्टिकविषयी थोडेसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि हजारो गरीब कॅथलिक कुटुंबे पोटासाठी ग्लासगोला आली. शहराच्या पूर्व भागातील त्यांची मुले उपाशी राहू नयेत म्हणून मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांनी १८८७ साली सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात या क्लबची स्थापना केली. सामन्यांच्या उत्पन्नातून मुलांना जेवण द्यावे हा त्यांचा हेतू होता. क्लबचा जन्म कॅथलिक समाजात झाला, तरी त्याची दारे इतर पंथांच्या खेळाडूंना खुली होती. त्याच दारातून थॉमसन आत आला.

जॉनचा जन्म २८ जानेवारी १९०९ रोजी फाइफ परगण्यातील कर्कॉल्डी येथे झाला. तो वाढला मात्र कार्डेनडेन या कोळसा खाणींच्या गावी. त्याचे कुटुंब ‘चर्च ऑफ ख्राइस्ट’ या छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचे होते. शाळा सुटली आणि चौदाव्या वर्षी तो खाणीत कामाला लागला. खाणीतून वर आला की फुटबॉल, हा त्याचा दिनक्रम. १९२६ साली सेल्टिकचा एक निरीक्षक दुसऱ्याच संघाच्या गोलरक्षकाला पाहण्यासाठी त्या भागात आला होता. पण त्याची नजर समोरच्या गोलमध्ये उभ्या असलेल्या या सतरा वर्षांच्या पोरावर खिळली. अवघ्या १० पौंडांत जॉन सेल्टिकचा झाला.

फेब्रुवारी १९२७ मध्ये डंडी संघाविरुद्ध त्याने पहिला सामना खेळला आणि दोनच महिन्यांत ईस्ट फाइफला ३-१ असे नमवून सेल्टिकने स्कॉटिश चषक जिंकला. जॉन फार उंच नव्हता. परंतु त्याची झेप, चेंडू अलगद पकडणारे हात आणि आघाडीच्या खेळाडूच्या पायांशी बेधडक झेपावण्याचे धाडस विलक्षण होते. हे धाडस महागही पडे. १९३० साली एअरड्री संघाविरुद्धच्या सामन्यात त्याचा जबडा व बरगड्या मोडल्या, दात पडले. आईने खेळ सोडण्याची विनवणी केली. तो बरा होऊन पुन्हा गोलमध्ये उभा राहिला. स्कॉटलंडतर्फे तो चार आंतरराष्ट्रीय सामने खेळला व त्यांत त्याने एकच गोल होऊ दिला. एप्रिल १९३१ मध्ये मदरवेलला हरवून त्याने दुसऱ्यांदा स्कॉटिश चषक मिळवला.

५ सप्टेंबर १९३१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर दोन्ही संघ समोरासमोर आले. प्रेक्षक सुमारे ८०,००० होते. उत्तरार्धाच्या सुरुवातीस रेंजर्सचा तरुण आघाडीवीर सॅम इंग्लिश एकटाच चेंडू घेऊन गोलकडे धावला. जॉन नेहमीप्रमाणे त्याच्या पायांशी झेपावला. त्याचे डोके इंग्लिशच्या गुडघ्यावर आदळले. प्रसंगाचे गांभीर्य सर्वांत आधी इंग्लिशच्याच ध्यानी आले. स्वतः लंगडत असतानाही तो मदतीसाठी खुणा करू लागला. गोलमागे काही रेंजर्स समर्थक आरोळ्या ठोकत होते. रेंजर्सचा कर्णधार डेव्ही मायकलजॉन याने हात उंचावून त्यांना गप्प केले. त्याच रात्री व्हिक्टोरिया इन्फर्मरीत जॉनने प्राण सोडला. त्याचे वय होते अवघे २२ वर्षे.

ते मंदीचे, बेकारीचे दिवस होते. अंत्यविधीसाठी ग्लासगोहून कार्डेनडेनला जायला अनेकांपाशी रेल्वेभाडेही नव्हते. ते सुमारे ९० किलोमीटर पायी चालत गेले. त्या लहानशा गावात सुमारे ३०,००० लोक जमले. त्यांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते, आणि रेंजर्सचे चाहतेही होते.

या कथेचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. म्हणून आम्ही तो आवर्जून नमूद करतो. चौकशीत हा निव्वळ अपघात असल्याचे निष्पन्न झाले. थॉमसन कुटुंबानेही इंग्लिशला दोष दिला नाही. ज्यांनी मुलगा गमावला त्यांनी मन मोठे केले, परंतु ज्यांचे काहीच गेले नव्हते त्यांना ते जमले नाही. मैदानोमैदानी प्रेक्षक इंग्लिशला खुनी म्हणून हिणवू लागले. त्याच हंगामात त्याने लीगमध्ये ४४ गोल करून रेंजर्सचा विक्रम नोंदवला, पण त्यात आनंद उरला नव्हता. १९३२ साली तो स्कॉटलंड सोडून लिव्हरपूलकडे गेला. तेथेही टोमणे त्याचा पिच्छा पुरवत राहिले. १९३८ साली, तिशी गाठण्यापूर्वीच, त्याने खेळाला रामराम ठोकला. १९६७ साली त्याचे निधन झाले.

२००८ साली जॉन थॉमसनचा स्कॉटिश फुटबॉलच्या सन्मान दालनात समावेश झाला. त्याचे स्मरण व्हावे हे योग्यच. मात्र त्या दुपारी मैदानावर दोन तरुणांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, हेही आपण विसरू नये. एकाचे प्राण वाचवणे कोणाच्याही हाती नव्हते. दुसऱ्याला सावरणे मात्र हजारो लोकांच्या हाती होते. क्षमेचा धडा कार्डेनडेनच्या एका खाणकामगाराच्या घराने घालून दिला. तो आपल्याही घरी, आपल्याही क्रीडांगणावर गिरवला जावा, एवढीच आमची इच्छा.