आर्यभटाच्या ग्रंथाचा शोध घेणारे डॉ. भाऊ दाजी लाड

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयामुळे डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव आपल्या सारस्वत ज्ञातीतील आबालवृद्धांस परिचित आहे. गोरगरिबांचे धन्वंतरी म्हणूनही त्यांची कीर्ती आहे. परंतु प्राचीन गणिती आर्यभट यांच्यासंबंधी त्यांनी केलेले कार्य फारच थोड्यांस ठाऊक असते. त्याकडेच आम्ही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

भाऊंचा जन्म गोमंतकातील मांद्रे येथे, गरिबीत झाला. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात शिकून त्यांनी तेथेच काही काळ अध्यापन केले. पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली ते उत्तीर्ण झाले. १८६९ व १८७१ असे दोन वेळा त्यांनी मुंबईचे शेरीफपद भूषविले. रुग्णसेवेच्या या व्यापातही जुन्या पोथ्या व शिलालेख यांचा त्यांचा व्यासंग अखंड चालू होता.

त्या काळी आर्यभटाचे नाव सर्वतोमुखी होते, पण ग्रंथ कोणाच्या हाती नव्हता. कोलब्रुकसारख्या पंडितासही ब्रह्मगुप्तादी इतरांच्या ग्रंथांतील उल्लेखांवरच भागवावे लागले. त्यात आणखी घोटाळा असा की, ‘महासिद्धांत’ रचणारा दुसरा एक आर्यभट पुढे होऊन गेला होता. त्यामुळे एकाचे मत दुसऱ्याच्या नावावर जाई.

भाऊंनी १८६४ साली मलबारातून ‘आर्यभटीया’च्या हस्तलिखित प्रती मिळविल्या आणि मूळ ग्रंथच वाचावयास घेतला. कलियुगाची ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपले वय २३ होते, असे ग्रंथकाराने स्वतःच नमूद केले आहे. ते वर्ष इसवी सन ४९९. म्हणजे जन्म ४७६ चा! १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भाऊंचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात आर्यभटाबरोबर वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल व भास्कराचार्य यांचाही काळ त्यांनी तपासला. दुसऱ्या आर्यभटाचा त्यांनी ठरविलेला काळ पुढे टिकला नाही. परंतु दोघे आर्यभट भिन्न, हे या वैद्याचे निदान कायम राहिले.

या ग्रंथाची थोरवी ती काय? व्यास २०,००० असता परिघ सुमारे ६२,८३२ होतो, असे त्यात सांगितले आहे. भागून पाहावे, ३.१४१६ येतात! पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हेही त्यात आहे. आम्ही वर्गात २२/७ घोकून घेतले, पण ही गोष्ट मुलांस कधी सांगितली नाही, याची आज खंत वाटते.

१८७४ साली केर्न यांनी हॉलंडमधील लायडन येथे ‘आर्यभटीय’ छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी भाऊ निवर्तले. पुढे १९७५ साली भारताच्या पहिल्या उपग्रहास आर्यभटाचे नाव मिळाले आणि त्याच साली भायखळ्याच्या संग्रहालयास भाऊंचे. हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथे जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. घर बदलताना आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेतील पोथ्या रद्दीत जातात. मलबारातील कोणा अज्ञात गृहस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या पोथी जपली, म्हणूनच भाऊंना ती लाभली. तेव्हा आमची नम्र विनंती एवढीच की, पोथी टाकण्यापूर्वी ती एखाद्या जाणकारास अवश्य दाखवावी. भाऊंचे खरे स्मरण तेच होय.