पंडिता रमाबाई : निराधारांची माउली

ज्या काळी स्त्रीने अक्षर गिरविणे पाप समजले जाई, त्या काळी एका मुलीला आईवडिलांनी संस्कृत शिकविले. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबावर दुष्काळ कोसळला आणि आईवडील उपासमारीत गेले. भावाबरोबर पायी हिंडत रमाबाई कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे १८७८ साली विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा आणि वय अवघे तेवीस!

पण त्या रडत बसल्या नाहीत. १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली मोठे वादळ उठले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तरी सदन चालूच राहिले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. रमाबाई स्वतः इकडे आल्या. भुकेल्या, एकाकी मुलींना फसवून नेणारी माणसे टपून बसलेली त्यांनी पाहिली. सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी सोबत नेले. पुण्याजवळ केडगाव येथे 'मुक्ती' उभी राहिली. अत्याचाराला बळी पडलेल्या, समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी तेथे 'कृपा सदन' निघाले. विणकाम, छपाई, शेती असे काम प्रत्येकीच्या हाती आले. १८९७ साली प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, हेही त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारला निर्भीडपणे ऐकविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा हे मोठे वाटते की, आलेल्या मुलीला त्यांनी आधी निवारा दिला, मग अक्षर दिले आणि मग हाताला काम दिले. दोष कुणाचा याची चौकशी तिच्यापासून सुरू केली नाही. आमच्या वस्तीत आजही उलटे घडते. वाटेत कुणी मुलीची छेड काढली तर ती त्या वाटेने का गेली हे आधी विचारतात. छेडणारा मोकळा फिरतो आणि शाळा मात्र मुलीची सुटते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून एका मुलीची शाळा सुटणे म्हणजे काय, ते मला कळते.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात तक्रार समिती असावी लागते. पण समितीपर्यंत जाण्याआधी मुलगी मैत्रिणीजवळ बोलते. त्या वेळी आपण तिचे ऐकून घ्यावे, तिच्यावर विश्वास ठेवावा, तिची गोष्ट चारचौघांत करू नये आणि तिच्या संमतीने तिच्यासोबत जावे. मित्रांनो, छेड काढणाऱ्या आपल्या सोबत्याला तेथल्या तेथे अडविणे हे काम तुमचे आहे. रमाबाईंना एवढे मोठे कार्य एकटीने पेलावे लागले. आपण तर वर्गात साठ जण आहोत.