स्वतःवरच शंका घेणारा संशोधक

परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी किती उरतं? आपण हा प्रश्न विचारतो आणि विसरतो. हर्मान एबिंगहाउस यांनी मात्र त्यासाठी आयुष्यातली कित्येक वर्षं दिली.

1850 मध्ये आजच्या जर्मनीतल्या बार्मेन शहरात त्यांचा जन्म झाला. गुस्ताव फेखनर यांनी संवेदना मोजायचे प्रयोग केले होते. मग स्मृती का मोजता येणार नाही, असं एबिंगहाउसना वाटलं. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, मदतनीस नव्हते. प्रयोगाला माणूस एकच, ते स्वतः!

कविता पाठ केली तर अर्थ, चाल, जुनी ओळख मध्ये येणार. म्हणून त्यांनी सुमारे 2,300 निरर्थक अक्षरगट बनवले. ‘झोफ’, ‘रिझ’ असले काहीतरी. ते ठरावीक तालावर वाचायचे, पाठ व्हायला किती वेळ लागला ते लिहायचं. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायची. दुसऱ्यांदा जेवढा वेळ वाचला, तेवढं डोक्यात शिल्लक होतं. ‘आठवतंय का?’ असं मनाला विचारायची गरजच नाही. साधारण तासाभराने 44 टक्के बचत उरली, एका दिवसाने 34 टक्के, महिन्याने 21 टक्के.

पण खरी गंमत पुढे आहे. हे आकडे हवे तसे तर येत नाहीत ना, ही शंका त्यांनी स्वतःवरच घेतली. एकदा अंदाज बांधला की मन नकळत त्याच बाजूला झुकतं, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी पाठांतराला जास्त वेळ लागतो हे दिसल्यावर त्यांनी तो फरकही हिशेबात धरला. 1879-80 मध्ये केलेलं काम लगेच छापलं नाही. 1883-84 मध्ये पुन्हा प्रयोग केले, आणि पुस्तक आलं 1885 मध्ये.

या सावकाशीने मोठी पदं धावत आली नाहीत. 1894 मध्ये बर्लिनमधलं प्रमुखपद कार्ल स्टुम्फ यांना मिळालं. एबिंगहाउस ब्रेस्लाऊला गेले, नंतर हालेला. तिथेच 1909 मध्ये न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

2015 मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. विस्मरणाचा आलेख बराचसा तसाच आला. एका माणसाच्या नोंदी 130 वर्षांनी तपासता आल्या, कारण काय केलं आणि कसं केलं ते त्याने नीट लिहून ठेवलं होतं. पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये ‘अपेक्षित’ रीडिंग उतरवायचा मोह झाला, तर एबिंगहाउसना आठवा.